वाचनालयातले दोन नेक्सस ७ आणि न दिसणारं वाय-फाय

वाई तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात दोन नेक्सस ७ टॅब आहेत. दोन्ही २०१३ च्या आवृत्तीचे, गूगलसाठी आसूसने बनवलेले, सिमची सोय नसलेले, फक्त वाय-फायवर चालणारे. गावातून पुण्याला स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने ते भेट दिले. सात इंची पडदा, १९२० बाय १२०० पिक्सेल, २ जीबी रॅम, वजन तीनशे ग्रॅमच्या आत. वाचायला इतका सुबक टॅब आजही सहज मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. बारीक अक्षरातली जोडाक्षरं, रफार, अनुस्वार या पडद्यावर अगदी स्पष्ट दिसतात. शाळेची मुलं त्यावर बालभारतीची पुस्तकं उघडतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विश्वकोशातल्या नोंदी वाचतात. विश्वकोशाचं काम वाईत झालं. तिथल्या पंचक्रोशीतल्या मुलांना तो कपाटातल्या खंडांबरोबर पडद्यावरही मिळावा, ही ग्रंथपाल ताईंची इच्छा.

२०२४ च्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "दादा, वाय-फाय जोडलेलं दिसतंय, रेघा पूर्ण आहेत, पण नेट चालत नाही. आधी एक-दोन साइट बंद पडल्या, आता रोज नवीन काहीतरी बंद पडतं."

या प्रकरणात दोन वेगवेगळे बिघाड एकाच तक्रारीच्या नावाखाली आले. पहिला टॅबच्या जुन्या सॉफ्टवेअरचा, दुसरा वाचनालयाच्या वायरलेस जाळ्याचा. मधल्या काळात आम्ही टॅबची प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टम) बदलली, त्यामुळे दुसऱ्या बिघाडाचं खापर सगळ्यांनी त्या बदलावरच फोडलं. खरं कारण कसं सापडलं ते सविस्तर लिहितोय, कारण "रॉम (म्हणजे बाहेरून बसवलेली प्रणाली) टाकली आणि वाय-फाय गेलं" ही तक्रार मी बऱ्याच ठिकाणी ऐकतो आणि त्या नादात चांगले टॅब भंगारात जाताना पाहतो.

पहिली तक्रार: जोडलेलं आहे, पण उघडत नाही

"वाय-फाय चालत नाही" या एका वाक्यात किमान पाच वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. राउटरचं नाव यादीत दिसतंय का? पासवर्ड स्वीकारला जातोय का? टॅबला आयपी पत्ता, म्हणजे राउटरने जाळ्यात द्यायचा क्रमांक, मिळालाय का? साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधता येतोय का? आणि एवढं सगळं झाल्यावर समोरच्या साइटवर टॅबचा विश्वास बसतोय का? मी वरून खाली याच क्रमाने जातो आणि एक पायरी नक्की झाल्याशिवाय पुढची तपासत नाही.

वाचनालयात गेलो तेव्हा पहिल्या चारही पायऱ्या व्यवस्थित होत्या. टॅबला पत्ता मिळत होता, नावं शोधली जात होती. क्रोममध्ये काही साइट छान उघडत होत्या आणि काहींवर "तुमचं कनेक्शन खाजगी नाही" असा इशारा येत होता. ई-पुस्तकांचं एक ॲप नुसतंच फिरत राहायचं. मी टॅबवर फायरफॉक्स टाकला आणि क्रोमने नाकारलेल्या त्याच साइट त्यात विनातक्रार उघडल्या. तोच टॅब, तेच वाय-फाय, तीच साइट, आणि ब्राउझर बदलताच निकाल वेगळा. म्हणजे दोष जाळ्यात नव्हता, टॅबच्या आतच होता.

याचं कारण थोडं मागे जातं. साइट आणि ब्राउझर यांच्यातलं बोलणं सुरक्षित आहे की नाही, हे प्रमाणपत्रावरून ठरतं. ते देणाऱ्या विश्वासू संस्थांची यादी अँड्रॉइडच्या प्रणालीतच भरलेली असते आणि जुन्या अँड्रॉइडवर ती प्रणालीबरोबरच बदलते, एरवी नाही. या टॅबला गूगलकडून आलेली शेवटची आवृत्ती अँड्रॉइड ६.०.१, तीही २०१६ सालची. लेट्स एनक्रिप्ट ही फुकट प्रमाणपत्रं देणारी संस्था आज असंख्य छोट्यामोठ्या साइट वापरतात. तिचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र, आयएसआरजी रूट एक्स१, अँड्रॉइड ७.१.१ पासूनच्या यादीत आहे, त्याआधीच्या नाही. जुन्या उपकरणांसाठी संस्थेने एका जुन्या, सर्वमान्य प्रमाणपत्राची सही जोडून अनेक वर्षं वेळ मारून नेली होती. ८ फेब्रुवारी २०२४ पासून ती जोड आपोआप देणं बंद झालं, ६ जूनला मागूनही मिळेनाशी झाली आणि ३० सप्टेंबरला त्या सहीची मुदतच संपली.

आता "रोज नवीन काहीतरी बंद पडतं" हे ताईंचं वाक्य किती नेमकं होतं ते बघा. ही प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात. ज्या साइटचं नूतनीकरण फेब्रुवारीत झालं ती तेव्हा बंद पडली, जिचं एप्रिलमध्ये झालं ती एप्रिलमध्ये. म्हणून एका दिवसात सगळं न थांबता एकेक साइट गळत गेली. फायरफॉक्स मात्र विश्वासू संस्थांची यादी स्वतःबरोबर बाळगतो, म्हणून त्याला फरक पडला नाही.

प्रणाली बदलायची की नाही

एवढ्यासाठी टॅबची प्रणाली बदलायची गरज नव्हती, हे मी ताईंना आधीच सांगितलं. फायरफॉक्स वापरला तरी ब्राउझरचं काम भागतं. किंवा आयएसआरजी रूट एक्स१ ची फाइल उतरवून सेटिंग्जमधून हाताने बसवता येते. अँड्रॉइड ६ वर ॲपसुद्धा असं हाताने बसवलेलं प्रमाणपत्र मानतात, ७ पासून ती सोय आपोआप राहत नाही. मात्र त्यासाठी टॅबला पिन लावावा लागतो आणि वर "तुमच्या नेटवर्कवर नजर ठेवली जात असू शकते" अशी कायमची सूचना येते. वाचनालयात दहा हातांतून फिरणाऱ्या टॅबवर ही सूचना म्हणजे रोज कोणाला तरी समजावत बसणं. ज्यांच्या घरी असा एखादाच टॅब आहे त्यांनी हाच सोपा मार्ग घ्यावा.

आमचा निर्णय फिरला तो दुसऱ्या कारणाने, आणि ते कारण थेट वाय-फायचंच आहे. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठाच्या मॅथी व्हानहूफ यांनी क्रॅक नावाची त्रुटी जाहीर केली. वाय-फायला जोडताना टॅब आणि राउटर चार टप्प्यांत किल्ल्यांची देवाणघेवाण करतात. त्यातला तिसरा संदेश पुन्हा पाठवून आधी वापरलेली किल्ली परत बसवायला लावता येते, असं त्यांनी दाखवलं. अँड्रॉइड ६ आणि त्यानंतरच्या काही उपकरणांवर तर ही किल्ली सगळी शून्यांची होऊन बसायची, म्हणजे कुलूप असून नसल्यासारखं. गूगलने अँड्रॉइडसाठी दुरुस्ती नोव्हेंबर २०१७ मध्ये दिली. आमच्या टॅबचं अद्ययावत होणं त्याच्या वर्षभर आधीच थांबलं होतं, त्यामुळे ती दुरुस्ती त्यांच्यापर्यंत कधी पोचलीच नाही.

वाय-फाय म्हणजे ॲंटेना आणि चिप असं आपण समजतो. प्रत्यक्षात जोडणीचं बहुतेक शहाणपण सॉफ्टवेअरमध्ये असतं आणि या टॅबमधलं ते सॉफ्टवेअर २०१६ मध्ये थिजलं होतं. म्हणून बदलायचं ठरलं. पण एकाच टॅबचं. दुसरा जसा आहे तसाच ठेवायचा, अशी अट मी घातली. बदल केलेल्या वस्तूत काही बिनसलं तर ते बदलामुळे झालं की नाही, हे शेजारी न बदललेली तशीच वस्तू असल्याशिवाय कळत नाही. पुढे याच अटीने हे प्रकरण सुटलं.

प्रत्यक्ष बदल

लिनिएजओएस ही स्वयंसेवकांनी जुन्या उपकरणांसाठीही बांधलेली अँड्रॉइड. तिची १८.१ आवृत्ती, म्हणजे अँड्रॉइड ११, निवडली. त्याच्या पुढची का नाही, असं कोणीही विचारेल. अँड्रॉइड १२ पासून नेटवर्कचा हिशेब आणि अडवणूक करण्यासाठी लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, ईबीपीएफ ही सोय हवी असते. या टॅबचा कर्नल ३.४ आहे, त्यात ती नाही. लिनिएजच्या मंडळींनी २०२२ मध्ये पुढची आवृत्ती काढताना बरीच जुनी उपकरणं याच कारणाने १८.१ वर थांबवली.

दुसरी अडचण जागेची. कंपनीने या टॅबमध्ये प्रणालीसाठी राखलेला विभाग (पार्टिशन) सुमारे ८४० एमबीचा आहे. नवी प्रणाली त्यात मावत नाही. म्हणून अंतर्गत साठवणीचे विभाग नव्याने पाडावे लागतात आणि तशा पाडलेल्या टॅबसाठी वेगळी बांधणी असते. मूळ टॅबचं सांकेतिक नाव फ्लो (flo), विभाग बदललेल्याचं फ्लॉक्स (flox). या दोन फाइलींची सरमिसळ करू नका. फाइलच्या नावातलं ते शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

कामाला बसण्याआधीची तयारी मला कामापेक्षा महत्त्वाची वाटते. टॅबची बॅटरी पूर्ण भरलेली, लॅपटॉपचीही, कारण गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि विभाग पाडताना मध्येच टॅब बंद पडला तर तो परत उठवणं कठीण. केबल डेटा वाहणारी हवी. नुसती चार्जिंगची केबल लावून "लॅपटॉपला टॅब दिसतच नाही" म्हणून तासन् तास घालवणारे मी पाहिलेत. सगळ्या फाइली आधीच उतरवून त्यांची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरल्याची खूण, जुळवून घेतली. गूगलची मूळ ६.०.१ ची फॅक्टरी इमेजही लॅपटॉपवर ठेवली, म्हणजे परतीची वाट मोकळी.

बूटलोडरमध्ये, म्हणजे प्रणालीच्या आधी सुरू होणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, जाण्यासाठी टॅब बंद करून पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरायचं. मग लॅपटॉपवरून 'फास्टबूट ओईएम अनलॉक' ही कुलूप उघडायची आज्ञा. टॅबच्या पडद्यावर हो की नाही विचारलं जातं आणि हो म्हणताच आतला सगळा डेटा पुसला जातो. मुलांनी काढलेले फोटो, खुणा केलेली पुस्तकं आधीच बाहेर काढून ठेवा.

त्यानंतर रिकव्हरी, म्हणजे नवी प्रणाली बसवायला लागणारा छोटा प्रोग्रॅम, टाकली. पुढे जाण्याआधी एक गोष्ट केली, ती बहुतेक जण टाळतात. पर्सिस्ट नावाच्या छोट्या विभागाची प्रत काढून लॅपटॉपवर ठेवली. त्यात वाय-फायचा मॅक पत्ता (वाय-फाय चिपचा ओळख क्रमांक) आणि सेन्सरची जुळणी असते. हा विभाग बिघडला तर वाय-फायचं बटण चालू करताना "सुरू होत आहे" वरच अडकतं आणि मग कोणतीही रॉम टाकली तरी सुटत नाही. विभाग काही एमबींचा, प्रत काढायला मिनिटभरही लागत नाही. मग विभाग नव्याने पाडले, फ्लॉक्सची रिकव्हरी टाकली आणि साइडलोडने, म्हणजे लॅपटॉपवरून केबलने, प्रणाली चढवली.

गूगलची ॲप टाकली नाहीत. वाचनालयाचा टॅब कोणा एकाच्या खात्यावर चालू नये, हे माझं मत आणि ताईंनाही ते पटलं. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारातून किविक्स (नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं ॲप), केओरीडर (ई-पुस्तकं वाचायचं ॲप) आणि एक ब्राउझर एवढं पुरलं. किविक्समध्ये मराठी विकिपीडियाची प्रत उतरवून ठेवली, म्हणजे नेट नसतानाही वाचता येतं. भाषा मराठी केली.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर टॅबच्या घड्याळात १९७० सालची तारीख होती. क्वालकॉमच्या बऱ्याच जुन्या चिपवर प्रणाली आतल्या घड्याळात खरी वेळ लिहीत नाही, फक्त फरक तेवढा डेटा विभागात जपते. डेटा पुसला की तो फरकही जातो. तारीख चुकीची असेल तर कुठलंही प्रमाणपत्र "अजून सुरूच झालेलं नाही" असं ठरतं आणि पुन्हा तीच "नेट नाही" ची तक्रार. तारीख हाताने लावून पुढे गेलो. माझ्या घरच्या राउटरवर आणि फोनच्या हॉटस्पॉटवर टॅब पहिल्या झटक्यात जोडला गेला. आधी बंद पडलेल्या साइट साध्या ब्राउझरमध्ये उघडल्या.

"तुम्ही हात लावला आणि वाय-फाय गेलं"

टॅब वाचनालयात पोचला आणि चालेना. पुढच्या खोलीत, राउटरजवळ, नाव दिसायचं, पासवर्ड टाकला की थोडा वेळ "जोडत आहे" आणि मग "ऑथेंटिकेशन प्रॉब्लेम". मागच्या वाचनकक्षात तर नावच यादीत नाही. शेजारच्या दोन घरांची नावं दिसत होती, वाचनालयाचं दिसत नव्हतं. समितीतले एक काका म्हणाले, "आधी निदान रेघा तरी दिसत होत्या. तुम्ही हात लावला आणि वाय-फाय गेलं." त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. आधी चालत होतं, मध्ये एकच बदल झाला, आता चालत नाही.

कपाटातून दुसरा, न बदललेला टॅब काढला. चार्ज करून सुरू केला. त्याच्यावर तीच अँड्रॉइड ६.०.१, तोच जतन केलेला पासवर्ड. पुढच्या खोलीत ऑथेंटिकेशन प्रॉब्लेम, मागच्या खोलीत नाव गायब. दोन्ही टॅब हुबेहूब एकसारखे नापास झाले. म्हणजे बदल टॅबमध्ये नव्हे, वाचनालयात झाला होता.

मग विचारपूस केली. टॅब माझ्याकडे असतानाच वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि राउटर जळाला. इंटरनेटवाल्यांचा माणूस येऊन नवा बसवून गेला, नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवून. सगळ्यांचे फोन आपोआप जोडले गेले, त्यामुळे काही बदललंय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. नाव तेच असलं की राउटर तोच, असंच आपण धरून चालतो.

न दिसणाऱ्या नावाचं कारण

दोन लक्षणांची कारणं वेगळी निघाली. आधी मागच्या खोलीचं सांगतो.

वाचनालय जुन्या वाड्यात आहे. दोन खोल्यांमधली भिंत काळ्या दगडाची, दोन हात जाडीची. राउटरच्या दोन प्रकारच्या लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झच्या तिच्यातून जवळजवळ जातच नाहीत. मागच्या खोलीत पोचतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्याच. माझ्या फोनवरच्या वाय-फाय ॲनालायझरमध्ये मागच्या खोलीत वाचनालयाचं नाव स्पष्ट दिसत होतं, सिग्नलही चांगला. बाजूच्या रकान्यात चॅनल: १३.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चॅनलांमध्ये वाटलेला आहे. १ म्हणजे २४१२ मेगाहर्ट्झ, ६ म्हणजे २४३७, ११ म्हणजे २४६२, १३ म्हणजे २४७२. भारतात १ ते १३ वापरता येतात, अमेरिकेत सर्वसाधारणपणे १ ते ११ च. आपण कोणत्या देशात आहोत हे अँड्रॉइड मुख्यतः मोबाइल नेटवर्कवरून ठरवतो. माझ्या फोनमध्ये भारतीय सिम आहे, त्यामुळे तो १३ ऐकतो. या टॅबला सिमच नाही. लॅपटॉप लावून बदललेल्या टॅबला त्याचा वाय-फाय देश विचारला तर उत्तर आलं यूएस. स्वतःला अमेरिकेत समजणारा टॅब १२ आणि १३ वर कानच देत नाही. नाव यादीत न येण्याचं कारण एवढंच. नव्या राउटरवर चॅनल 'ऑटो' होता आणि त्याने आजूबाजूची गर्दी पाहून १३ धरला होता.

आणखी एक कोडंही इथेच सुटलं. ताई म्हणत होत्या की एखाद्या दिवशी मागच्या खोलीत नाव दिसतं आणि दुसऱ्या दिवशी दिसत नाही. वीज गेली की राउटर बंद पडतो, आली की नव्याने चॅनल निवडतो. कधी ६, कधी ११, कधी १३. वीज जाण्याचा आणि टॅबच्या "मूड"चा संबंध कोणी लावला नव्हता, पण तो थेट होता.

रूट, म्हणजे प्रणालीवरचा पूर्ण अधिकार, मिळवून टॅबचा देश भारत करता येतो. तसा प्रयत्न करून पाहिला, नाव लगेच यादीत आलं आणि निदान पक्कं झालं. पण ती आज्ञा टॅब पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाही, आणि वाचनालयात असे सिम नसलेले टॅब किंवा परदेशातून आणलेले लॅपटॉप पुढेही येणारच. म्हणून दुरुस्ती राउटरवर केली. २.४ चा चॅनल ६ वर पक्का, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ऑटो रुंदीमध्ये राउटर ४० घेऊ पाहतो आणि अरुंद पट्ट्यात शेजाऱ्यांच्या अंगावर जातो. वेग थोडा वाढल्यासारखा दिसतो, स्थैर्य जातं. वाचनालयाला वेग नको, स्थैर्य हवं. ५ गिगाहर्ट्झ ३६ वर ठेवला. तो दोन्ही देशांच्या यादीत आहे आणि तिथे रडारसाठी जागा सोडायची भानगड नाही.

दिसतंय, पण आत घेत नाही

चॅनल बदलल्यावर दोन्ही टॅबना दोन्ही खोल्यांत नाव दिसू लागलं. जोडणी मात्र अजून नाकारली जात होती. यूएसबी डिबगिंग चालू करून टॅबची नोंद लॅपटॉपवर पाहिली. जोडणीची विनंती राउटरने फेटाळल्याची ओळ होती आणि तिच्यापुढे ३१ हा क्रमांक. पासवर्ड चुकला तर गोष्ट चार टप्प्यांच्या देवाणघेवाणीपर्यंत पोचते आणि तिथे अडते. इथे दारातूनच परत पाठवलं जात होतं. ३१ चा अर्थ व्यवस्थापन-संदेशांच्या संरक्षणावरून मतभेद.

हे संरक्षण ८०२.११डब्ल्यू म्हणून २००९ मध्ये मानकात आलं. "तुझं कनेक्शन तोडलं" असे खोटे संदेश पाठवून कोणी उपकरणं उडवून लावू नये, यासाठी ते आहे. डब्ल्यूपीए३ या वाय-फाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीत ते सक्तीचं आहे, जुन्या डब्ल्यूपीए२ मध्ये नाही. नव्या राउटरवर सुरक्षा "डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र" होती आणि तिच्याच पानावर खाली हे संरक्षण 'सक्तीचं' असं निवडलेलं होतं. मिश्र ठेवायचं असेल तर ते 'ऐच्छिक' हवं, नाहीतर डब्ल्यूपीए२ ची जुनी उपकरणं नावापुरतीच चालतात. आमच्या टॅबच्या ड्रायव्हरला हे संरक्षण जमत नाही. त्यांच्यावरची प्रणाली नवी असो वा जुनी, चिपचा ड्रायव्हर २०१३ च्या घराण्यातलाच आहे. प्रणाली बदलून वाय-फायचं सगळं नवं होत नाही, हे इथे स्पष्ट दिसतं. क्रॅकची दुरुस्ती वरच्या थरात होती, ती मिळाली. हे संरक्षण खालच्या थरातलं, ते मिळालं नाही.

सगळ्या वाचनालयाची सुरक्षा दोन टॅबसाठी खाली आणणं मला पटलं नाही. कार्यालयातल्या संगणकावर सभासदांची नोंदवही आहे, वर्गणीचा हिशेब आहे. म्हणून राउटरच्या पाहुण्यांच्या नेटवर्कचा उपयोग केला. मुख्य नेटवर्क मिश्र सुरक्षेवर तसंच राहिलं. दुसरं नाव फक्त २.४ गिगाहर्ट्झवर, डब्ल्यूपीए२ एईएस, हे संरक्षण बंद, वेगळा पासवर्ड आणि आयसोलेशन चालू, म्हणजे त्यावरची उपकरणं एकमेकांना किंवा कार्यालयाच्या संगणकाला पाहू शकत नाहीत. दोन्ही टॅब त्यावर पहिल्याच प्रयत्नात जोडले गेले.

ओघात आणखी एक सापडलं. राउटर पत्ते वाटत होता फक्त ३२ आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास राखून ठेवत होता. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला येणाऱ्यांचे फोन त्यापेक्षा जास्त होतात. मग शेवटी आलेल्याला "पत्ता मिळवत आहे" वरच थांबावं लागतं. पत्त्यांची संख्या वाढवली, मुदत दोन तासांची केली. काकांनी मॅक फिल्टर, म्हणजे ठरावीक मॅक पत्त्यांनाच आत घ्यायची यादी, लावायची सूचना केली होती. मी नको म्हणालो. अँड्रॉइड १० पासूनचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट मॅक पत्ता देतात, त्यामुळे यादी सतत चुकत राहते, आणि ज्याला घुसायचंच आहे तो हवेतून खरा पत्ता वाचून तो वापरू शकतो. त्रास प्रामाणिक माणसालाच होतो.

आज काय स्थिती आहे

बदललेला टॅब मागच्या वाचनकक्षात रोज वापरात आहे. प्रमाणपत्रांची तक्रार परत आलेली नाही. वीज जाऊन आली तरी नाव त्याच चॅनलवर येतं. बॅटरी ३९५० एमएएचची, जुनी झालेली. सतत चार्जरला लावून ठेवलेल्या जुन्या बॅटरी फुगतात, म्हणून टायमरचा सॉकेट लावला आहे आणि मागचं झाकण उचललं जातंय का ते पाहायला ताईंना सांगितलं आहे.

हा कायमचा उपाय आहे असं मी त्यांना सांगितलेलं नाही. अँड्रॉइड ११ साठी गूगलकडून येणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या २०२४ च्या सुरुवातीलाच थांबल्या. त्यामुळे या टॅबवरून कोणी बँकेचं काम करू नये, कुठे लॉगिन करू नये, असं मराठीत लिहून त्याच्या मागे चिकटवलं आहे. वाचायला तो उत्तम आहे आणि वेगळ्या नेटवर्कमुळे त्याच्यात काही शिरलं तरी ते कार्यालयापर्यंत जायची वाट बंद आहे.

दुसऱ्या टॅबचं काय करायचं यावर समितीत चर्चा झाली. काका आता म्हणत होते, "तोही बदलून टाका." मी तो तसाच ठेवायला सांगितलं. त्याचं वाय-फाय बंद करून किविक्स आणि बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ आत भरल्या आहेत. पहिलीदुसरीची मुलं तो वापरतात, त्यांना नेट लागतही नाही. पुढे कधी राउटर बदलला किंवा नवी तक्रार आली तर पडताळणीसाठी तो हाताशी असेल.

राउटरचा चॅनल, रुंदी, सुरक्षेचा प्रकार, पत्त्यांची मुदत आणि बदल केल्याची तारीख अशी सगळी माहिती एका कागदावर लिहून राउटरच्या पेटीत आतल्या बाजूला लावली आहे. पेटीवर मोठ्या अक्षरात ताईंनी स्वतः लिहिलं आहे: "राउटर बदलल्यास आधी आतला कागद वाचा आणि ग्रंथपालांना सांगा."